सिंकच्या पाइपाला हवेची वाट द्या

पाथर्डीत नव्या बंगल्यांच्या स्वयंपाकघरात आता मधोमध ओटा यायला लागला आहे. भिंतीला टेकलेला एक ओटा असतोच, शिवाय खोलीच्या मध्यावर ग्रॅनाइटचा दुसरा, चारही बाजूंनी मोकळा. सगळे त्याला ‘आयलँड’च म्हणतात. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये पाहिलेला असतो, नाहीतर मोबाइलवर व्हिडिओ बघून सुनेनं मनात धरलेला असतो. हौस चांगली आहे. चार जणी चार बाजूंनी उभ्या राहून बोलत बोलत पुरणपोळ्या करतात, भिंतीकडे तोंड करून एकटीनं राबावं लागत नाही, हे मला मनापासून आवडतं. माझी तक्रार त्या ओट्याबद्दल नाही. त्यात सिंक बसवायचं ठरतं तेव्हा त्यातलं पाणी कुठून बाहेर जाणार आणि त्या पाण्यामागे हवा कुठून येणार, हे घर बांधताना कोणीच विचारत नाही, याबद्दल आहे.

शेवगाव रोडला आमचं नळसाहित्याचं दुकान आहे. सासऱ्यांनी ते सुरू केलं तेव्हा लोखंडी जीआय पाइपांचा जमाना होता. आता नळाला सीपीव्हीसी आणि सांडपाण्याला एसडब्ल्यूआर. गल्ल्यावर मी बसते, त्यामुळे गावात कुठल्या घरात काय बसतंय ते मला बिलावरूनच कळतं. उंच मानेचा, ओढून लांब करता येणारा नळ लोक मुद्दाम मागवायला लावतात. दोन भांड्यांचं स्टीलचं सिंक बोटानं वाजवून, पत्र्याची जाडी बघून घेतात. आणि त्याच सिंकखाली लावायला दुकानातला सगळ्यात स्वस्त वेस्ट पाइप मागतात, वळ्यावळ्यांचा, हवा तसा वाकणारा. गच्चीवर पाइपाच्या तोंडाला बसवायचं काउल संडासच्या टाकीसाठी एखादं जातं. स्वयंपाकघराच्या लाइनीसाठी काउल मागणारं गिऱ्हाईक क्वचित येतं.

मग वास्तुशांत होते, वर्ष उलटतं, आणि त्याच घरातली बाई दुकानात येते. बहुतेक वेळा एकटी, दुपारी, गर्दी नसताना. “वहिनी, सिंकचा वास जायला काही आहे का हो?” हे विचारताना तिचा आवाज खाली गेलेला असतो. कारण घरात वास येतो म्हणजे घरातली बाई स्वच्छ नाही, असा आपल्याकडे सरळ हिशोब आहे. सासू बोलते, नवरा नाक मुरडतो, पाहुणे आले की ती आधी उदबत्ती लावते. तोवर तिनं फिनेल ओतून झालेलं असतं, डांबराच्या गोळ्या टाकून झालेल्या असतात, सोडा आणि व्हिनेगर करून झालेलं असतं. शेवटी ती अॅसिडची बाटली मागते. मी ती देत नाही. अॅसिडनं स्टीलच्या सिंकवर डाग पडतात, जाळीचं कडं खराब होतं, बंद खोलीत त्याची वाफ छातीत जाते, आणि वास दोन दिवसांत परत येतो. कारण तो वास तिच्या सिंकमधला नसतोच. तो अंगणातल्या चेंबरमधून, पुष्कळदा थेट सेप्टिक टँकमधून आलेला असतो. तिच्या घासणीत आणि तिच्या हातात काहीच कमी नसतं. कमी असतं ते फरशीखाली, पाइपात, आणि ती फरशी तिला न विचारता बसवलेली असते.

सिंकखाली पाइपाला एक वळण असतं, नाहीतर बाटलीच्या आकाराचा बॉटल ट्रॅप असतो. त्यात कायम थोडं पाणी साठून राहतं. तेवढंच पाणी आपल्या स्वयंपाकघराच्या आणि गटाराच्या मधलं दार आहे. त्याला वॉटर सील म्हणतात, आणि त्याची खोली किमान 50 मिलिमीटर, म्हणजे दोन इंच असावी असं आपली राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. लंडनच्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं 1775 मध्ये संडासच्या भांड्याखाली वाकड्या पाइपाचं पेटंट घेतलं, तेव्हापासून जगभर हीच युक्ती चालत आली आहे. हलणारा भाग नाही, वीज नाही, नुसतं साठलेलं पाणी. पण ते दोन इंच पाणी जागेवर राहिलं पाहिजे, आणि ते जागेवर ठेवण्याचं काम हवा करते.

पिंपातून नळीनं पाणी काढताना एकदा तोंडानं ओढलं की पुढचं पाणी आपोआप येत राहतं, अगदी पिंपातलं पाणी नळीच्या तोंडाखाली जाईपर्यंत. सिंकखाली तेच घडतं. भरलेलं सिंक एकदम मोकळं केलं की पाण्याचा लोंढा पाइप भरून पुढे धावतो आणि मागे पोकळी होते. पोकळी भरायला पुढून हवा आली नाही, तर लोंढा जाता जाता ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतो. शेवटी जी घुर्रकन घरघर ऐकू येते, ती हवेनं ट्रॅप फोडून आत शिरल्याची खूण आहे. पुष्कळ घरांत त्या आवाजाला “पाणी छान ओढतंय” म्हणतात. त्या क्षणी गटाराचं दार उघडं पडलेलं असतं.

हे कोणालाही घरी बघता येतं. एका शिक्षक कुटुंबाच्या नव्या घरात मी ते त्या घरच्या बाईंना दाखवलं. सिंकच्या भोकाला बूच लावून ते काठोकाठ भरायला सांगितलं, मग बूच काढलं. पाणी गेलं, घरघर झाली. त्यानंतर नळाला हात लावायचा नाही. खाली वाटी धरून बॉटल ट्रॅपचा तळाचा कप सावकाश फिरवून काढला. तो भरलेला निघायला हवा होता. निघालं ते कपाच्या तळाशी बोटाच्या पेराएवढं पाणी, त्यावर तेलाचा तवंग आणि भाताची दोन-तीन शितं. टॉर्च मारली तर मधल्या नळीचं तोंड पाण्याच्या चांगलं वर, उघडं. त्या बाई बराच वेळ तो कप हातात धरून बघत राहिल्या. मग त्यांनी नवऱ्याला हाक मारली, “अहो, इकडे या, आणि हे बघा.” मला वाटतं, महिनोन्महिने ऐकलेल्या बोलण्यांचं उत्तर त्यांना त्या कपात मिळालं होतं.

आता कोणी विचारेल, इतकी वर्षं ही अडचण का नव्हती? कारण आपलं जुनं स्वयंपाकघर वेगळ्या रीतीनं बांधलेलं होतं. आधी मोरी होती, कोपऱ्यात, बाहेरच्या भिंतीला लागून. भिंतीतल्या भोकातून पाणी परसात पडायचं आणि अळू, कर्दळ, कढीपत्ता त्यावर वाढायचे. मग उभा ओटा आला, सिंक आलं, पण तेही खिडकीखाली, बाहेरच्या भिंतीलाच. सिंकचा पाइप दीड-दोन फुटांत भिंतीबाहेर जाऊन गली ट्रॅपच्या जाळीवर पडतो. पाइपाचं तोंड उघड्यावर असल्यामुळे हवा तिथूनच मिळते, आणि चेंबरमधला वास गली ट्रॅपच्या पाण्याखाली अडतो. म्हणजे वेगळा व्हेंट, हवेचा पाइप, न देताही व्हेंटचं काम होऊन जातं. आपल्या मिस्त्रींचा हात याच पद्धतीवर बसला आहे आणि या पद्धतीत ते कुठे कमी पडत नाहीत.

ओटा मधोमध आला की हे सगळं सुटतं. जवळ भिंत नाही. पाइप खाली फरशीत जातो, तिथून दहा-बारा फूट आडवा धावतो आणि मग बाहेर पडतो. शिवाय अनेक ठिकाणी पाइप वाचवायला ती लाइन गली ट्रॅप न घालता थेट संडासच्या चेंबरला जोडतात. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ही सगळ्यात वाईट गोष्ट आहे. गली ट्रॅप मधे असता तर सिंकचा ट्रॅप रिकामा झाला तरी निदान सेप्टिक टँकची हवा घरात आली नसती. तो नाही म्हटल्यावर टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन यांना वर येण्यासाठी स्वयंपाकघर हीच मोकळी जागा उरते. घरात त्यांची मात्रा जीव जाण्याइतकी होत नाही, पण ज्या वायूंनी टाक्या उपसायला उतरलेली माणसं देशभर गुदमरून मेली, ते आपण कणीक मळतो तिथे थोडेही कशाला यावेत?

इथे थोडा हिशोब करावा लागतो, आणि तो स्लॅबच्या आधी करावा लागतो. सांडपाण्याच्या बारीक पाइपाला फुटाला पाव इंच उतार लागतो. दीड इंची पाइप ट्रॅपपासून सहा फूट आडवा गेला की उतार झाला दीड इंच, म्हणजे पाइपाच्या स्वतःच्या जाडीएवढा. तिथून पुढे पाइपाचा वरचा काठ ट्रॅपच्या सांडव्याच्या खाली जातो, पाण्याच्या डोक्यावरून हवेला वाट राहत नाही आणि पाणी ओढलं जाण्याची शक्यता वाढते. म्हणून ट्रॅपपासून व्हेंट किती लांब चालेल याला मर्यादा घातलेली असते. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी चालणाऱ्या युनिफॉर्म प्लंबिंग कोडमध्ये दीड इंची पाइपाला साडेतीन फूट आणि दोन इंचीला पाच फूट इतकीच सूट आहे. आपल्याकडे बारा-बारा फूट जातात आणि व्हेंटचं नाव नसतं.

त्याच बारा फुटांचा दुसरा हिशोब जाडीचा. बारा फुटांना उतार लागला तीन इंच. पाइप 75 मिलिमीटरचा घेतला तर तो स्वतः तीन इंच. खाली-वर माल आणि फरशी धरली की नऊ इंच खोली हवी. तळमजल्यावर जोत्यात मुरमाचा भराव चांगला जाड असतो, तिथे नऊ इंच सहज निघतात. पहिल्या मजल्यावर स्लॅब आणि फरशीच्या मधे तीन-चार इंच मिळतात. तिथे मधोमध सिंक हवं असेल, तर तेवढा पट्टा स्लॅब टाकतानाच खाली घ्यावा लागतो. फरशी बसल्यावर सुचून काही उपयोग नाही. मग मिस्त्री बिचारा उतार कमी करतो, पाइप जवळजवळ सपाट ठेवतो, त्यात पीठ, चहाचा चोथा आणि मटणाचा तवंग साचतो, आणि पहिल्याच थंडीत लाइन तुंबते.

मग काय करायचं? जगात यावर जुना, खात्रीचा उपाय आहे, त्याला लूप व्हेंट म्हणतात. तो मला फार देखणा वाटतो. सिंकखालच्या कपाटात ट्रॅपचा आडवा पाइप एका टीला येऊन मिळतो. टीच्या खालच्या तोंडातून पाणी फरशीत जातं. वरच्या तोंडाला पाइप लावून तो सरळ वर न्यायचा, ग्रॅनाइटच्या पोटाला जवळजवळ टेकेपर्यंत. तिथे पंचेचाळीस अंशांचे बेंड लावून त्याला वळवायचं आणि पुन्हा खाली आणायचं. फरशीखाली तो एका बाजूनं सांडपाण्याच्या लाइनीला जोडायचा, म्हणजे चुकून पाणी त्यात शिरलं तरी निथळून जाईल. आणि त्याच ठिकाणाहून एक फांदी लाइनीकडे उतार ठेवत जवळच्या भिंतीपर्यंत न्यायची, भिंतीत उभी चढवायची, ओट्याच्या वर निदान सहा इंच गेल्याशिवाय आडवी वळवायची नाही, आणि शेवटी गच्चीवर काढायची. सिंक तुंबलं तरी घाण पाणी व्हेंटमध्ये चढायच्या आधी सिंकमध्येच वर दिसावं, म्हणून ते वळण इतकं उंच घ्यायचं. दोन्ही उभ्या पाइपांना झाकणाचा तुकडा ठेवायचा, म्हणजे पुढे सळई घालता येते. दोन लांबी पाइप, थोडे बेंड, एक-दोन टी, एक वाय आणि एक काउल. त्या घरातल्या ग्रॅनाइटच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही.

गच्चीवर पाइपाचं तोंड कुठे काढायचं, हेही बायकांना विचारावं. आपल्या गच्चीवर उन्हाळ्यात कुरडया-पापडांचं वाळवण असतं, रात्री माणसं झोपतात, कोपऱ्यात पाण्याची टाकी असते. पाइप माणसाच्या डोक्याच्या वर गेला पाहिजे आणि टाकीपासून, खिडकीपासून लांब. त्याच्या तोंडाला बारीक जाळी हवी. सेप्टिक टँकमध्ये क्युलेक्स डास वाढतात आणि उघड्या व्हेंटमधून बाहेर पडतात, म्हणून आरोग्य कर्मचारी दरवर्षी घरोघरी जाळी बांधायला सांगत फिरतात. त्यांचं ऐकावं. पण डासांच्या भीतीनं काही जण पाइपाचं तोंड सिमेंटनंच बंद करून टाकतात, तसं मात्र करू नये. जाळीतून हवा जाते, सिमेंटमधून जात नाही.

घर बांधून झालं आहे, फरशी फोडायची नाही, अशांसाठी एकेरी झडप मिळते, एअर अॅडमिटन्स व्हॉल्व्ह. लाइनीत पोकळी झाली की ती उघडून खोलीतली हवा आत घेते, आणि एरवी स्वतःच्या वजनानं बंद राहते. ती सिंकखालीच, ट्रॅपच्या आडव्या पाइपापेक्षा निदान चार इंच उंच बसवायची, आणि हात पोहोचेल अशी, कारण आतलं रबर कधी ना कधी म्हातारं होतं. तिची मर्यादा ही की ती हवा आत घेते, बाहेर सोडत नाही. म्हणून घराच्या लाइनीला कुठेतरी एक तरी उघडा व्हेंट गच्चीवर असलाच पाहिजे. माझं प्रामाणिक मत विचाराल तर तळमजल्याच्या घरात सगळ्यात शहाणपणाचं काम हे की मधल्या ओट्यावर लाटणं, चिरणं, वाढणं, बसून चहा पिणं करावं, आणि सिंक खिडकीखाली बाहेरच्या भिंतीलाच ठेवावं. पण ज्यांना मधोमध सिंक हवंच आहे त्यांना ‘नको’ सांगून भागणार नाही. त्यांना ते नीट करून द्यावं.

पाथर्डीत या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, आणि ती बंगल्यांची नाही. आपल्या तालुक्यातली हजारो माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, पाडव्याच्या आसपास परततात. घराला कुलूप, नाहीतर एका खोलीत म्हातारी आणि पोरं हंगामी वसतिगृहात. स्वच्छ भारत मिशन 2014 मध्ये सुरू झालं, शौचालयाला 12 हजार रुपये मिळाले, घरकुलं झाली, न्हाणीत ट्रॅप आले, सिंक आली. हे चांगलंच झालं. पण ट्रॅपमधलं दोन इंच पाणी आपल्या कोरड्या हवेत काही आठवड्यांत उडून जातं. मग सगळा हंगाम ते घर आतून गटाराला उघडं असतं. कोयत्याचं काम करून थकलेलं कुटुंब चार-पाच महिन्यांनी दार उघडतं तेव्हा घरभर दुर्गंधी, झुरळं आणि डास. आल्या दिवशी आधी घर धुवायला लागते ती बाईच.

वाळलेला ट्रॅप काय करू शकतो, ते जगानं 2003 मध्ये पाहिलं आहे. हाँगकाँगच्या अॅमॉय गार्डन्स या इमारतींत मार्च महिन्यात सार्सची साथ पसरली आणि तीनशेहून अधिक रहिवाशांना लागण झाली. तपासात निघालं ते असं की बाथरूमच्या जमिनीतले ट्रॅप वाळलेले होते. लोक बाथरूम धुण्याऐवजी पुसून घेत होते, त्यामुळे ट्रॅपमध्ये पाणी पडतच नव्हतं. पंखा लावला की उभ्या लाइनीतली दूषित हवा खोलीत ओढली जायची. तेव्हापासून तिथलं आरोग्य खातं लोकांना सांगतं की आठवड्यातून एकदा प्रत्येक ट्रॅपमध्ये अर्धा लिटर पाणी ओता. आपल्याकडे ऊसतोडीला निघणाऱ्या घरानं किल्ली शेजारी ठेवताना एवढंच सांगून जावं. शेजारी नसेल, तर निघण्याच्या दिवशी प्रत्येक ट्रॅप पाण्यानं भरून वर दोन-तीन चमचे गोडेतेल सोडावं. तेलाचा थर वर राहतो आणि पाणी उडायला उशीर लागतो. सिंकच्या भोकाला बूच लावावं, न्हाणीच्या जाळीवर ओलं फडकं अन् वर पाट ठेवावा. तांड्यावर, वस्तीवर, मुकादमाच्या बैठकीत ही गोष्ट सांगायला कोणालाही पैसा लागत नाही.

वाहत्या पाण्याच्या नळाला हवा लागते हे आपल्या मुलखाला नवं नाही. निजामशाहीत नगर शहराला कापूरवाडी, शेंडीकडून खापरी नळांनी पाणी आणलेलं होतं. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तलावातून जमिनीखालून शहरात पाणी आणलं, तेव्हा त्या मार्गावर जागोजागी हवेसाठी उच्छ्वास बांधले. त्यातले काही आजही उभे आहेत. ज्यांनी ते बांधले त्यांना ठाऊक होतं की बंद वाटेत पाणी आणि हवा दोघांचीही सोय बघावी लागते. मग आज, स्लॅब टाकायला मिक्सर येतो आणि नकाशा संगणकावर निघतो, तेव्हा गच्चीपर्यंत एक पाइप काढायला आपण का विसरावं?

येणारं पाणी आपल्याला फार महत्त्वाचं, हे मी समजू शकते. पाथर्डी हा टँकर पाहिलेला तालुका आहे. नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरोघरी धुणी, भांडी, पिंपं, सगळं एकदम निघतं. सांडपाण्याच्या लाइनीवर सगळ्यात जास्त ताण त्याच दिवशी येतो आणि ट्रॅपही त्याच दिवशी ओढले जातात. जलजीवन मिशननं 2019 मध्ये माणशी रोज 55 लिटरचं लक्ष्य ठेवलं. घरात आलेल्या पाण्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं अभियंते धरतात. म्हणजे पाच माणसांच्या घरातून दिवसाला सव्वादोनशे लिटरच्या आसपास. पाणी यावं म्हणून आपण मोर्चे काढतो, ते जाण्याबद्दल कधी प्रश्न विचारत नाही.

माझं मागणं मोठं नाही. घरमालकांनी प्लंबरला भरावाच्या आधी बोलवावं, फरशी बसल्यावर नव्हे, आणि त्या दिवशी घरातली बाईही तिथे हजर असावी, कारण त्या सिंकसमोर रोज तिला उभं राहायचं आहे. इंजिनिअरांनी नकाशात सिंकपासून गली ट्रॅपपर्यंतची लाइन, तिचा उतार आणि गच्चीपर्यंतचा व्हेंट काढून द्यावा. मी पाहिलेल्या घरगुती नकाशांत संडास आणि टाकी दाखवलेली असते, ही लाइन सहसा नसते. राष्ट्रीय इमारत संहितेच्या 2016 च्या आवृत्तीत भाग 9 प्लंबिंगबद्दल आहे, तो उघडून बघायला हरकत नसावी. डिसेंबर 2020 मध्ये राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली आणि छोट्या घरांसाठी परवानगीची पद्धत सोपी झाली. कागद कमी झाले हे बरं झालं, पण जमिनीखालचं काम मग घरमालकाच्याच भरवशावर राहतं, आणि त्याला ते कोणी शिकवलेलं नसतं. शासकीय आयटीआयमध्ये नळ कारागीर हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तालुक्यातल्या पोरांनी तो करावा आणि गावांनी अशा पोरांना मिस्त्रीच्या हाताखालचा मजूर न समजता कारागीर म्हणून दर द्यावा.

आणि पाथर्डी नगरपरिषदेला, तसंच ग्रामपंचायतींना एक सुचवते. भोगवट्याचा दाखला देण्याआधी कर्मचाऱ्यानं घरातलं सिंक काठोकाठ भरायला लावावं, बूच काढावं, आणि पाणी गेल्यावर ट्रॅप उघडून आत दोन इंच पाणी राहिलं की नाही ते पट्टीनं मोजावं. नंतर चेंबरचं झाकण उचलून स्वयंपाकघराची लाइन गली ट्रॅपमधून आली आहे की थेट, ते पाहावं आणि गच्चीवर जाऊन काउलला जाळी आहे का ते बघावं. या तपासणीला एक बादली, एक पट्टी, एक टॉर्च आणि पंधरा-वीस मिनिटं लागतात.